मदत हवी आहे: किनोरिंक (चिखल-ड्रॅगन, समुद्राच्या चिखलातला सूक्ष्म प्राणी) – एकिनोडेरेस या वंशापर्यंत पोहोचलो, जात ठरत नाही

खाडीचिखल
रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीच्या मुखाशी ओहोटीला वरच्या ३ सेंमी थरातला मऊ चिखल घेतला. ४% फॉर्मॅलिन, ६३ मायक्रॉनची चाळणी, रोझ बेंगालचा रंग, मग ग्लिसरीनमध्ये साध्या काचपट्टीवर. सूक्ष्मदर्शकाचं साधं ब्राइट फील्ड, ४० चं ऑब्जेक्टिव्ह.

धडाचे ११ खंड. पहिले दोन अखंड कड्यासारखे, तिसऱ्यापासून पाठीला एक आणि पोटाला दोन प्लेट. पाठीच्या मध्यरेषेवर ४ ते ८ खंडांवर एकेक काटा, शेवटी दोन लांब काटे. यावरून एकिनोडेरेस म्हणतोय.

अडचणी: १) काहींच्या लांब काट्यांशेजारी आणखी एक आखूड जोडी आहे, काहींच्या नाही. या दोन जाती का? २) काही लहान नमुन्यांना शेवटी मध्यभागी एकटा काटा आहे. हा सेम्नोडेरेस हा दुसरा वंश असेल का? ३) जुन्या कीमध्ये (ओळख पटवायच्या तक्त्यात) मध्यरेषेचे काटे ६ ते १० वर दिलेत, माझे ४ ते ८ वर. ४) सगळ्यांचं डोकं आत गेलंय. नमुने वाया गेले का?

कंटकसूत्र
वंश बरोबर दिसतोय, पण दुसरा खंड एकदा नीट फोकस करून पाहा. तिथे उभी सांध्याची रेषा असेल तर फिसुरोडेरेस, सेफॅलोऱ्हिंका किंवा मेरिस्टोडेरेस या वंशांकडे वळावं लागेल. रेषा अगदी पुसट असते, तेव्हा पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय ‘अखंड’ लिहू नका.

तिसरा प्रश्न आधी, कारण तो सुटला नाही तर पुढचं सगळं दोन घरं सरकतं. जुन्या पद्धतीत डोकं म्हणजे झोनाइट (खंड) १, मान म्हणजे २ आणि धड ३ ते १३. आता धडाचेच खंड १ ते ११ मोजतात. जुन्या आकड्यातून २ वजा करा: ६ ते १० म्हणजे तुमचे ४ ते ८. कुठलंही वर्णन उघडलं की प्रथम त्यात ‘झोनाइट १३’ आहे का ते शोधा.

आखूड जोडी म्हणजे मादी. एकिनोडेरेसच्या मादीला शेवटच्या लांब काट्यांशेजारी ही पूरक जोडी असते. नराला ती नसते, त्याऐवजी शिश्न-काट्यांच्या तीन जोड्या असतात. त्या ११व्या खंडाच्या कडेला पाहा. दोघांचे बाकीचे काटे जुळत असतील तर जात एकच धरून पुढे चला, वेगळी मानायला वेगळा पुरावा हवा.

मध्यभागी एकटा काटा असलेले लहान नमुने बहुधा पिल्लं. वाढीत पिल्लांच्या सहा अवस्था असतात. एकिनोडेरेसच्या सुरुवातीच्या पिल्लांना तो मधला काटा असतो, प्रौढाला नसतो. सुरुवातीला खंडही पूर्ण ११ नसतात. कार्ल झेलिंकांच्या १९२८ च्या ग्रंथातले हॅब्रोडेरेस आणि हापालोडेरेस हे ‘वंश’ पुढे एकिनोडेरेसची पिल्लंच निघाले. मात्र मधला काटा दिसला की पिल्लूच, असा नियम करू नका. सेंट्रोडेरेस, अँटिगोमोनास, सेम्नोडेरेस यांच्या प्रौढांनाही तो असतो. सेम्नोडेरेसचा पहिला खंड शिंपल्यासारखा दोन बाजूंनी मिटतो, तेवढं पाहिलं की शंका फिटते. पिल्लं वेगळ्या कुपीत ठेवा. जात फक्त प्रौढांवरून ठरवायची.

डोकं आत असलं तरी वंश ठरतो. मानेच्या प्लेसिड (छोट्या प्लेट) मिटलेल्या अवस्थेतही मोजता येतात: एकिनोडेरेसला १६, पोटाकडची मधली सर्वात रुंद. डोक्यावरच्या स्कॅलिडची (काट्यांसारख्या उपांगांची) मांडणी संपूर्ण वर्णनाला लागते, ओळखीला सहसा नाही.

आता खरी कसोटी. ४ ते ८ वर मध्यरेषेचे काटे असणाऱ्या जाती बऱ्याच आहेत, तेवढ्यावर नाव देऊ नका. प्रत्येक प्रौढासाठी खंडवार तक्ता करा. काटे, नळ्या (काट्यांसारखीच पण बारीक, पातळ उपांगं), ग्रंथींची मोठी छिद्रं (यांना टाइप २ म्हणतात), संवेदी ठिपके. प्रत्येकाची जागा मध्य-पृष्ठीय, पार्श्व-पृष्ठीय, पार्श्व-अधर अशी लिहा. नळ्या विशेषतः २, ५, ८ आणि १० या खंडांवर शोधा. टाइप २ छिद्रं कोणत्या खंडावर कुठे आहेत, यावर जवळच्या जाती वेगळ्या पडतात.

मापं: धडाची लांबी पहिल्या खंडाच्या पुढच्या कडेपासून ११व्याच्या मागच्या कडेपर्यंत, काटे सोडून. पोटाची कमाल रुंदी आणि ती कुठल्या खंडावर आहे ते. १०व्या खंडाची रुंदी. शेवटच्या काट्याची लांबी धडाच्या लांबीच्या टक्क्यांत. कव्हरस्लिपखाली चेपलेला नमुना रुंद भरतो, त्याची रुंदी तक्त्यात घेऊ नका.

खाडीचिखल
नळ्या एकाही नमुन्यात दिसत नाहीत. नसतीलच असं होऊ शकतं का?

काचपट्टी
एवढ्यावरून ‘नाहीत’ म्हणता येणार नाही. नळी बारीक आणि पातळ, चिखलाचा कण चिकटला की झाकली जाते, चाळताना तुटते. ग्लिसरीनमध्ये ब्राइट फील्डखाली तिची कडही उठत नाही. डीआयसी (पारदर्शक वस्तूची कड उठवून दाखवणारी सूक्ष्मदर्शनाची पद्धत) आणि १०० चं ऑइल लेन्स हवं. तुटलेल्या काट्याची किंवा नळीची बुडाशी खूण राहते, ती शोधा आणि तक्त्यात ‘तुटलेली’ असं लिहा, ‘नाही’ असं नाही.

सध्याचे नमुने दोन कव्हरस्लिपमध्ये फ्लुओरोमाउंट-जी (नमुना पक्का बसवायचं माध्यम) घालून बसवा आणि कॉबच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेममध्ये ठेवा. उलटून दोन्ही बाजू बघता येतात. साध्या काचपट्टीच्या जाडीतून ऑइल लेन्स पोटाकडे पोहोचत नाही. कुशीवर पडलेला नमुना असेल तर पक्कं करण्याआधी, ग्लिसरीनमध्ये असतानाच कव्हरस्लिप हलकेच सरकवा, तो गडगडतो.

आणि नमुना ग्लिसरीनमध्ये थेट टाकू नका, आकसतो. ७०% अल्कोहोलमध्ये ५% ग्लिसरीन, बशीचं झाकण किंचित उघडं, पाणी आणि अल्कोहोल सावकाश उडू द्या.

कंटकसूत्र
पुढच्या खेपेला नमुने थोडे जास्त लागतील. अर्धे चित्रासाठी, अर्धे डीएनएसाठी ९५% किंवा त्याहून जास्त अल्कोहोलमध्ये. फॉर्मॅलिनमधल्यांवर पुढे बारकोडिंग (डीएनएवरून जात ओळखणं) अवघड जातं.

गाळातून किनोरिंक वेगळे करायला हिगिन्स यांची बुडबुडे-आणि-टिपकागदाची पद्धत स्वस्त आहे. बादलीत चिखल आणि समुद्राचं पाणी, हवेचे बुडबुडे सोडा. किनोरिंकांची बाहेरची त्वचा (क्युटिकल) पाण्याला नकार देते, म्हणून ते पृष्ठभागावर अडकतात. कागद वरच्यावर टेकवा, उचला, चाळणीवर धुवा. फॉर्मॅलिनमधल्या गाळाला लुडॉक्स (सिलिकाचं जड द्रावण, त्यात प्राणी तरंगतात), घनता १.१५ ते १.१८, तीनदा सेंट्रीफ्यूज. आधी गोड्या पाण्याने मीठ पूर्ण धुवा, नाहीतर लुडॉक्स जेलसारखं घट्ट होतं आणि नमुना हाती लागत नाही. डोकं बाहेर हवं असेल तर जिवंत असताना मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये सैल होऊ द्या: सहा पाण्याच्या स्फटिकाचे सुमारे ७३ ग्रॅम एक लिटरला. हालचाल थांबल्यावर फॉर्मॅलिन.

तुलनेला अंदमानवरचं हिगिन्स आणि राव यांचं १९७९ चं काम आणि टिम यांनी १९५८ मध्ये बंगालच्या उपसागरातून वर्णिलेली एकिनोडेरेस बेंगालेन्सिस ठेवा. पण तिथली जात इथेही असेलच असं धरून नाव जोडू नका. तक्ता इथे टाका, पाठ आणि पोट दोन्ही फोटो, खाली स्केल बार, नर-मादी कोणतं ते लिहून.