मदत हवी आहे: एण्डोमेट्रिओसिस, योनीच्या पेशींचा रिपोर्ट ४०:६०:० (तातडीचं)

नीरजा_डोंबिवली
मला एण्डोमेट्रिओसिस आहे (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढतात, गाठी होतात, पाळीत दुखतं). काल रिपोर्ट हातात आला. 'मॅच्युरेशन इंडेक्स ४०:६०:०', आणि शून्याभोवती कोणीतरी लाल पेनाने गोल केलाय. मागच्या वेळी शेवटचा आकडा २० होता. डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी, उद्या इंजेक्शन. घ्यायचं की थांबायचं? लवकर सांगा प्लीज, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

मुलुंडची_काकू
अगं कुठलं इंजेक्शन? कितवं? वय काय? काहीच न सांगता कोण काय सांगणार?

अनिकेत_प
पॅप स्मिअर ना हा? माझ्या वहिनीचा खराब आला होता. आधी कॅन्सरचं बघून घ्या.

स्लाइडवाला
अनिकेत, उगाच घाबरवू नका. पॅप गर्भाशयाच्या मुखावरून घेतात, हा नमुना योनीच्या बाजूच्या भिंतीचा.
नीरजाताई, हे आकडे म्हणजे शंभरात कुठल्या पेशी किती. डावीकडून वाचा: तळाच्या पेशी, मधल्या, वरच्या. वरच्या पेशी इस्ट्रोजेनवर, म्हणजे बायकांच्या हार्मोनवर, पोसतात. पसरट, गुलाबी-केशरी, केंद्रक टाचणीच्या टोकाएवढं. इस्ट्रोजेन उतरलं की त्या दिसेनाशा होतात आणि तळाच्या गोल पेशी वर येतात. ल्युप्रोलाइड (इस्ट्रोजेन उतरवणारं इंजेक्शन) चालू असेल तर शून्य अपेक्षितच आहे. डायनोजेस्टच्या (दुसऱ्या हार्मोनच्या) गोळ्या असतील तर हिशेब वेगळा, तिथे मधल्या पेशींची गर्दी असते.

नीरजा_डोंबिवली
ल्युप्रोलाइड ३.७५, तिसरं. वय ३१. म्हणजे शून्य चांगलं?

प्राची_व
ही तपासणी आता करतं कोण? रक्तातलं इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनच) बघा, मोकळं व्हा.

स्लाइडवाला
रक्त त्या दिवसाचा आकडा सांगतं. शरीरावर परिणाम किती झाला ते पेशी सांगतात. परळला बावीस वर्षं हेच बघतोय.

प्राची_व
बघा, पण औषध दुखणं कमी झालं का यावर ठरतं, स्लाइडवर नाही.

स्लाइडवाला
ते मान्य.

मुलुंडची_काकू
माझ्या मुलीने मैदा सोडला, पाळीतलं दुखणं निम्म्यावर आलं.

प्राची_व
काकू, मैदा सोडून गाठी जात नाहीत.

मुलुंडची_काकू
गाठी गेल्या म्हटलं का मी? दुखणं म्हटलं.

संध्या_दादर
कॅल्शियम घेतेस ना? या इंजेक्शनांनी हाडं झिजतात. मला सोबत थोड्या हार्मोनच्या गोळ्याही दिल्या होत्या. गरम वाफा त्यानेच थांबल्या. लोकलमध्ये फेब्रुवारीतही घामाने चिंब व्हायचे.

स्लाइडवाला
नीरजाताई, एक राहिलं. नमुना दिला तेव्हा पांढरं जात होतं? आत गोळी ठेवली होती?

नीरजा_डोंबिवली
हो, खाज होती म्हणून आदल्या तीन रात्री. त्याचा संबंध असेल असं वाटलंच नाही, म्हणून लिहिलं नाही.

स्लाइडवाला
मग हे आकडे धरून चालू नका. जंतुसंसर्गात पेशी झडतात, प्रमाण बिघडतं. पण इंजेक्शनची तारीख स्वतःच्या मनाने पुढे ढकलू नका, दवाखान्यात फोन करा.

नीरजा_डोंबिवली
केला. डॉक्टर फोनवर मिळाले. इंजेक्शन उद्याच घ्यायचं, खाज पूर्ण थांबल्यावर नमुना पुन्हा. दुखणं किती आहे विचारलं, तेव्हा आठवलं की या महिन्यात एकदाही सुट्टी घेतली नाही.
संध्याताई, त्या गोळ्या कितव्या इंजेक्शनपासून दिल्या होत्या?