भविष्याचं 'सावट' की 'सावली'?

अडलेला_अनुवाद: गेम थिअरीवरचा, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणितावरचा, एक लेख मराठीत करतोय. त्यात कैद्यांची गोष्ट आहे: वेगवेगळ्या कोठडीतल्या दोन साथीदारांनी गप्प राहून एकमेकांना साथ द्यायची, की दुसऱ्याचं नाव सांगून दगा द्यायचा? दोघं गप्प राहिले तर दोघांचंही भलं, पण एकेकट्याचा फायदा दग्यातच. तीच दोन माणसं पुन्हा पुन्हा समोरासमोर येणार असतील, तर आज फसवायचा मोह आवरतो, कारण उद्या गाठ आहे. अ‍ॅक्सेलरॉड हे राज्यशास्त्रज्ञ याला 'शॅडो ऑफ द फ्यूचर' म्हणतात. मी 'भविष्याचं सावट' लिहिलं. संपादकबाईंनी काट मारली: सावट वाईटाचंच असतं, इथे तर माणसं नीट वागतायत!

पानगळ: बाई बरोबर. सावट युद्धाचं, मंदीचं. 'सावली' करा.

तिरकस: सावलीत माणूस पेंगतो. उद्याचा धाक आहे म्हणून आज सरळ चालतोय ना? मग सावटच.

निमूट: धाकानं सगळं उलगडत नाही. १९५० मध्ये फ्लड आणि ड्रेशर या गणितज्ञांनी दोघांना हा डाव १०० वेळा खेळायला लावला. शंभराव्या फेरीनंतर उद्याच नाही, तेव्हा तिथे दगा ठरलेला. मग नव्व्याण्णवावीत तरी साथ कशाला? असं मागे मागे येत पहिल्याच फेरीला दगा द्यायला हवा. तरी ६० फेऱ्यांत दोघांनीही साथ दिली.

तिरकस: म्हणजे ४० फेऱ्यांत कुणीतरी दिलाच की दगा.

जुनी_वही: 'दगा' मला पटत नाही. दग्याला आधी शब्द दिलेला असावा लागतो. कैद्यांच्या गोष्टीत सरळ 'फुटणे' म्हणा. आजोबा वकील होते, त्यांच्या तोंडी कायम 'साक्षीदार फुटला'. 'फितूर'ही त्यातूनच आलं.

अडलेला_अनुवाद: फितूर अरबी, दगा फारसी. फुटण्याशी संबंध नाही. पण माझं सावट...

शुद्धमती: परके शब्द हवेतच कशाला? 'सहकार्य' आणि 'असहकार', संपलं.

निमूट: असहकार सांगून करतात, हा न सांगता होतो. आणि कैद्यानं 'सहकार्य केलं' म्हटलं की वाचकाला वाटणार पोलिसांना केलं. अर्थ पार उलटा! माझं मत 'साथ'.

पानगळ: बरं, अ‍ॅक्सेलरॉडच्या स्पर्धेत (संगणक प्रोग्रॅम हाच डाव पुन्हा पुन्हा खेळले) रॅपोपोर्ट यांची जी 'टिट फॉर टॅट' ही पद्धत जिंकली, तिला सगळे डोळे मिटून 'जशास तसे' म्हणतात. ती तर पहिली खेळी साथीचीच खेळते, मग समोरच्याची मागची खेळी परत करते. कुणी मदत केली म्हणून आपण मदत केली, तर 'जशास तसे वागलो' म्हणतो का आपण? मी 'परतफेड' म्हणेन. ती उपकाराची होते, अपमानाचीही होते.

तिरकस: कर्जाचीही. वाचक हप्ते मोजत बसेल.

अडलेला_अनुवाद: मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. सावट की सावली?

जुनी_वही: थांबा हो. फितणे, फितवणे, फितुरी, एवढी रूपं मराठीत चालतात आणि शब्द परका? शुद्धमतीताई, मग 'हजर' आणि 'जबाब'ही काढणार का?

शुद्धमती: 'उपस्थित' आहे की. 'जबाबा'चं बघते.