शिकवणारीला १५,२००, शिकणारीला १६,०००: हे बरोबर आहे का?

काजूवाली, वेंगुर्ला
चौदा वर्षं एकाच काजू कारखान्यात सोलणी आणि प्रतवारीला आहे. गर २४० चा की ३२० चा (एका पाउंडात किती बसतात तो आकडा) हे बघताक्षणी कळतं. साल काढताना गर फुटला की भाव पडतो, म्हणून सुरी कशी धरायची ते नव्या मुलींना मीच शिकवते. गेल्या महिन्यात आलेल्या मुलीचा मूळ पगार १६,०००, माझा १५,२००. तिच्यावर राग नाही, तिला मिळतात तेही कमीच आहेत. मालक म्हणाले, "आता या दराशिवाय माणूस मिळत नाही." मग मी माणूस नाही?

छोटा कारखानदार, सावंतवाडी
मालक खोटं बोलत नाहीत. गोव्यातला मोपा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला, माझ्याकडचे तिघे तिकडे कामाला गेले. वीस जणींना ८०० वाढवायचे तर महिन्याला १६,००० लागतात, म्हणजे आणखी एका माणसाचा पगार. आणि नुसती वर्षं मोजून पैसे द्यायचे का? काहींचा हात दहा वर्षांनीही तसाच असतो.

मालवणी माणूस
ह्या माका पटणा नाय. शिकवतली जुनी आणि पगार जास्ती नवीचो, ह्यो खयचो न्याय? हात बघून पगार देवचो तर हात मोजा. अख्खो गर किती, तुकडो किती, तां कोण लिवन ठेवता?

हिशेबनीस, रत्नागिरी
नुकसान महिन्याच्या ८०० वर थांबत नाही. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) शेवटच्या पगारावर मिळते: वर्षामागे १५ दिवस, महिना २६ दिवसांचा धरून. चौदा वर्षांना या फरकाचेच सुमारे ६,४६० रुपये बुडतात. पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापत असतील तर तोही कमी. किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईचा) जानेवारी-जुलैत वाढला की खालचा दर वर सरकतो आणि जुने आहेत तिथेच राहतात. नव्याचा दर ठरवतानाच जुन्यांची यादी काढायला हवी.

नवा, लोटे एमआयडीसी
मी सात महिन्यांपूर्वी लागलो. मी कमी घेतले असते तर ते जुन्यांना मिळाले असते का? मालकाकडेच राहिले असते. शिवाय मला खोलीचं भाडं आहे, त्यांची घरं स्वतःची आहेत.

काजूवाली, वेंगुर्ला
बाळा, तू कमी घेऊ नकोस. पण स्वतःचं घर आहे म्हणून पगार कमी, हे मान्य नाही. घर कारखान्याने बांधून दिलेलं नाही. मोजणीचं मात्र पटलं. सोमवारपासून माझा अख्खा गर आणि तुकडा रोज वहीत लिहितेय. महिना झाला की वही घेऊन मालकांकडे जाणार.