गुन्हा, अपराध आणि ‘दाखल’ झालेला गुन्हा

प्रश्न : ‘क्राइम’ला मराठीत गुन्हा म्हणावं की अपराध? समानार्थी समजून एका अनुवादात दोन्ही आलटूनपालटून वापरले, तर संपादकांनी निम्म्या ठिकाणी लाल खुणा करून मजकूर परत पाठवला.

उत्तर : कायद्याच्या मजकुरात दोन्ही शब्द भेटतात. फरक कळतो तो बोलण्यात. मित्राला दिलेला शब्द मोडला की आपल्याला ‘अपराधी’ वाटतं, ‘गुन्हेगार’ वाटतं असं कुणी म्हणत नाही. पोटात घालतात तेही अपराध. शिशुपालाचे शंभर भरले तेसुद्धा अपराधच. अपराधात कुणीतरी दुखावलेलं असतं आणि त्याच्याकडे क्षमा मागता येते. गुन्ह्याला शिक्षा असते.

‘अपराध’ शब्दात मुळात नेम चुकण्याचा अर्थ आहे. बाण लक्ष्यावरून ढळलेल्या धनुर्धाऱ्याला अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ म्हटलंय. मला ही व्युत्पत्ती फार आवडते, कारण तिच्यात दुष्टपणा गृहीत धरलेला नाही.

गुन्हा आला फारसी ‘गुनाह’वरून. तिथे त्याचा अर्थ पापही होतो. मराठीत येताना ती छटा गळाली. मनात पाप येतं, गुन्हा येत नाही. तो हातून घडावा लागतो. (कसूर आणखी वेगळी : करायचं ते न करणं. म्हणून ‘कर्तव्यात कसूर’.)

प्रश्न : पण घरात साध्या बोलण्यावरून कुणी रागावलं, तर ‘असा काय गुन्हा केला मी?’ म्हणतोच की आपण. तिथे कुठे आलाय कायदा?

उत्तर : तिथे तो शब्द मुद्दाम मोठा घेतलेला असतो. शिक्षा गुन्ह्याला शोभेल एवढी केलीत, पण मी तर नुसतं बोललो, ही तक्रार त्यात आहे. ‘असा काय अपराध केला?’ असंही म्हणतात, पण त्यात तक्रारीपेक्षा काकुळती जास्त ऐकू येते.

मला जास्त काळजी वाटते ती ‘गुन्हा दाखल झाला’ या प्रयोगाची. दाखल होते ती फिर्याद, म्हणजे कुणीतरी सांगितलेली हकीकत. ती खरी की खोटी हे अजून ठरायचं असतं. पण शब्द गुन्हाच वापरल्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात तो घडूनही जातो आणि आरोपीचा गुन्हेगार होतो. पुढे निर्दोष सुटका झाली, तरी लोकांच्या तोंडी ‘त्याच्यावर गुन्हा होता’ एवढंच उरतं. गंमत म्हणजे इंग्रजी ‘क्राइम’ ज्या लॅटिन ‘क्रीमेन’वरून आला, त्याचा एक मुख्य अर्थ आरोप असाच होता. तिकडे आरोपाचा शब्द कृत्याला चिकटला, आपल्याकडे कृत्याचा शब्द आरोपाला.

म्हणून मराठीत गुन्ह्याच्या शेजारचं क्रियापद नीट वाचावं लागतं. घडला, दाखल झाला, उघडकीस आला, कबूल केला, शाबीत झाला : यातलं प्रत्येक वेगळ्या टप्प्यावरचं आहे.

प्रश्न : मग माझ्या अनुवादातलं ‘तिच्या नावावर तीन गुन्हे आहेत’ हे वाक्य कसं करू? खटले अजून चालू आहेत.

उत्तर : ‘तिच्याविरुद्ध तीन गुन्हे दाखल आहेत.’ ‘तिने तीन गुन्हे केले’ हे न्यायालयाने दोषी ठरवल्यावर लिहा. आणि तोवर तिला आरोपी म्हणा.