पाटण-जावळीच्या डोंगरात चहा: नगदी पीक म्हणून जमेल का?

डोंगरकडचा
पाटणमध्ये कोयनेच्या वरच्या अंगाची नाचणी-वरीची वावरं पडीक पडत चाललीत. पेरलेलं गवे आणि रानडुकरं रात्रीत फस्त करतात, पोरं मुंबईला. तिथं चहा लावावा असं माझं ठाम मत आहे. जांभ्याची माती आम्लधर्मी, चहाला ४.५ ते ५.५ सामू (pH) मानवतो. उतारामुळं पाणी मुळाशी साचत नाही. झुडूप एकदा धरलं की पन्नास वर्षं पाला देतं, दरवर्षीची नांगरट नाही, म्हणजे मातीही कमी वाहते. निलगिरीत गवे मळ्यांतून फिरतात, चहा फस्त करत नाहीत. देशातला निम्म्याहून जास्त चहा आज लहान शेतकऱ्यांच्या पाल्याचा आहे, इस्टेटवाल्यांचंच पीक म्हणून सोडून का द्यायचं?

मेढेकर
दादा, पाऊस किती पडतो यापेक्षा कधी पडतो ते बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. आसामात मार्च-एप्रिलपासून सरी येतात, कुन्नूरला ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस मिळतो. चहाचा खुडा आठ-दहा दिवसांनी, कोवळी पालवी फुटत राहिली तरच. आपल्या माथ्यावरच्या वाड्यांना एप्रिलमध्ये प्यायला पाणी नसतं. इंग्रजांनी महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सिंकोना (क्विनीन औषधाचं झाड) लावून पाहिला, तो टिकला नाही. डोंगर हिरवा दिसतो म्हणून सगळं येत नाही.

पाचगणीची लेक
पाणी आणलं तरी कारखान्याचं काय? खुडलेला पाला काही तासांत पोचला नाही तर तापून लाल पडतो. चार-साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो. निलगिरीत शेजारी कारखाने असूनही लहान शेतकरी पाल्याच्या भावासाठी वर्षानुवर्षं भांडतायत. शिवाय खुडणार कोण? बायकाच ना, पाठीला पाटी बांधून? आमच्याकडं स्ट्रॉबेरीला ठिबक लागतं, कष्ट लागतात, पण हिवाळ्यातच पैसा हातात येतो. २०१० पासून भौगोलिक मानांकनही आहे.

डोंगरकडचा
ताई, स्ट्रॉबेरीला दरवर्षी नवी रोपं, वाफ्यावर अंथरायचं नवं मल्चिंग. ते भांडवल वरच्या वाडीत कुणाकडं आहे? मी शेकडो एकर म्हणत नाही. दहा-वीस गुंठे, सावलीला सिल्व्हर ओक (पाचगणीत ते उत्तम वाढलेत), शेततळं, आणि बचत गटानं हातानं वळलेला ग्रीन टी. त्याला मोठा कारखाना लागत नाही. महाबळेश्वरला येणारे पर्यटक तो घेतील.

मेढेकर
वीस गुंठ्यांत अडीच हजार रोपं. पहिली तीन वर्षं विकण्याजोगा पाला नाही, आणि तीच वर्षं उन्हाळ्यात जगवायची. जांभ्यात शेततळं तळाला प्लास्टिकचा कागद अंथरल्याशिवाय पाणी धरत नाही, कागद आणि खोदाईचा खर्च आधी. हा पैसा ज्याचं वावर पडीक आहे त्याच्याकडून मागू नका. कृषी विद्यापीठानं किंवा सरकारनं स्वतःच्या जमिनीवर पाच वर्षं लावून दाखवावं, मग शेतकऱ्याला सांगा.

डोंगरकडचा
विद्यापीठाची वाट बघत वाडीत माणूसच उरणार नाही. माझ्या पाच गुंठ्यांत या पावसाळ्यात रोपं लावतोय, उन्हाळ्याचं पाणी विहिरीचं.