समुद्रकाठचा मुक्काम, कासवे आणि मित्रमंडळी: तुमचेही अनुभव लिहा

माडाची वाडी
काल माळा आवरताना तंबूची जुनी पिशवी सापडली आणि ती झटकताच शिवणीत अडकलेली मूठभर वाळू फरशीवर सांडली. ती वाळू वेळासचीच, कारण त्या मुक्कामानंतर तो तंबू पुन्हा उभारला गेला नाही.

मार्च महिना होता. महाविद्यालयातले आम्ही पाच मित्र मंडणगड तालुक्यातील वेळासला गेलो होतो. तंबू पुळणीवर ठोकायचा बेत होता, परंतु ज्यांच्याकडे जेवणाची सोय केली होती त्या काकूंनी आल्या आल्या बजावले की कासवीण रात्री अंडी घालायला वर येते, तिच्या वाटेत माणूसही नको आणि उजेडही नको. मग त्यांच्याच वाडीत, माडांच्या मधल्या मोकळ्या जागेत, तंबू उभे राहिले.

पहाटे सुरूच्या बनातून आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. किनाऱ्यावरची अंडी आणून पुरलेल्या, कुंपण घातलेल्या जागेत प्रत्येक घरट्यावर एकेक टोपली पालथी घातलेली होती. घरटी राखणाऱ्या कासवमित्राने पहिली टोपली उचलली, तर खाली नुसती सपाट वाळू होती. दुसरी उचलली तेव्हा वाळू मध्यभागी किंचित खचलेली दिसली आणि त्या खळग्यातून एक करडे नाक वर आले, मग वाळूने माखलेले दोन मिटलेले डोळे, मग एक वल्ह्यासारखा पाय. आणि त्याला वर यायला जागा व्हावी म्हणून की काय, खालची सगळी वाळू हलू लागली. पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर सोडली, आम्ही दोरीमागे उकिडवे बसलो. एका पिल्लाला लाटेने उलटे करून पुन्हा कोरड्या वाळूवर आणून टाकले. ते सरळ झाले आणि परत निघाले. एरवी क्षणभर गप्प न बसणारा आमचा एक मित्र तेवढा वेळ ओठांतल्या ओठांत पिल्ले मोजत होता.

तुम्हीही असे काही पाहिले असेल तर जरूर लिहा.

बाणकोटची खाडी
माझे आजोळ त्याच पट्ट्यात आहे, म्हणून आधीचे दिवस सांगतो. आमच्या लहानपणी कासवाची अंडी घरी येत आणि खाल्ली जात. त्यात काही वावगे आहे असे कोणालाही वाटत नसे. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची मंडळी समुद्री गरुडांची पाहणी करत असताना त्यांना वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यांची टरफले दिसली आणि तिथून संवर्धनाला सुरुवात झाली. जे हात घरटी उकरत होते त्यातलेच काही हात पुढे घरटी राखू लागले, याचा मला फार अभिमान वाटतो, कारण माग ओळखण्याची विद्या त्यांच्याकडेच होती.

ओली वाळू
अंडी हलवताना ती फिरवायची नसतात, हे खरे आहे का?

बाणकोटची खाडी
होय. अंडे ज्या बाजूने वर असेल त्याच बाजूने नव्या खड्ड्यात ठेवावे लागते, आणि तेही घातल्यापासून काही तासांत. पुढे आतला गर्भ कवचाला चिकटतो व अंडे फिरल्यास दगावतो. खड्डाही कासविणीने खणलेल्या खड्ड्यासारखाच, तोंडाशी अरुंद आणि तळाशी मडक्यासारखा फुगीर, साधारण दीड फूट खोल करतात.

रात्रीची ओहोटी
पिल्ले अनेकांनी पाहिली असतील, मला गुहागरला प्रत्यक्ष कासवीण दिसली. आम्ही मैत्रिणी कासवमित्रांसोबत गस्तीला गेलो होतो आणि तीन रात्री काहीही दिसले नव्हते. चौथ्या रात्री ओल्या वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकाने उमटावा तसा माग दिसला, मात्र तो एकेरी होता, म्हणजे ती अजून वरच होती. आम्ही तिच्या मागच्या बाजूला, बऱ्याच अंतरावर, पोटावर पडून राहिलो. अंडी घालून झाल्यावर तिने मागच्या पायांनी वाळू लोटली आणि मग अंग डावीउजवीकडे आपटत ती दाबून घट्ट केली. तो धप्प धप्प आवाज आम्हाला वाळूतून छातीला जाणवत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. शरीरातले जादा मीठ तसे बाहेर पडते हे ठाऊक असूनही माझ्या शेजारची मैत्रीण रडली.

पुढे 2023 मध्ये गुहागरलाच ‘बागेश्री’ नावाच्या कासविणीला उपग्रह ट्रान्समीटर लावला आणि ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा आम्ही चौघी रोज नकाशा पाहून एकमेकींना कळवत असू.

सुपारीची बाग
घाईत लिहीत आहे, कुकर लावला आहे. विजेरीला लाल कागद लावून नेला तर चालतो का? मुलांना घेऊन जायचे आहे.

रात्रीची ओहोटी
रात्री लाल उजेडही कासवमित्रांनी सांगितल्याशिवाय लावू नका. मुलांसाठी पिल्ले सोडण्याची सकाळची किंवा संध्याकाळची वेळच योग्य, तेव्हा विजेरी लागतच नाही.

लाटेची रेघ
माझा अनुभव दुःखद आहे, तरी लिहिणे आवश्यक वाटते. एका किनाऱ्यावर आम्ही मित्रांनी तंबूसह मुक्कामाचे पैसे भरले होते. आयोजकाने पाण्यापासून जेमतेम तीस पावलांवर दिव्यांच्या माळा लावल्या आणि मध्यरात्रीपर्यंत गाणी वाजवली. पहाटे फिरताना आम्हाला समुद्रातून वर आलेला माग दिसला. तो आमच्या तंबूंच्या दिशेने थोडा आला होता, मग अर्धवर्तुळ घेऊन सरळ पाण्याकडे परतला होता. कुठेही खड्डा नव्हता. कासवीण कधीकधी इतर कारणांनीही अशी परतते, हे मला मान्य आहे, परंतु त्या रात्रीचे कारण शोधायला मला लांब जावे लागले नाही. नंतर आम्ही दिवे असलेल्या मुक्कामाला कधीही गेलो नाही.

बाणकोटची खाडी
हे वाचून वाईट वाटले. पिल्लांचेही तसेच होते. समुद्रावरच्या क्षितिजाचा फिकट उजेड पाहून ती पाण्याची दिशा ओळखतात, आणि मागे दिवा असला की त्याच्याकडे चालत सुटतात. मग कुत्री, कोल्हे आणि कावळे त्यांना गाठतात.

ओली वाळू
आम्ही ओडिशात ऋषिकुल्याला सामूहिक विणीच्या वेळी होतो. तिथे हजारो कासविणी एकाच किनाऱ्यावर येतात आणि पाय ठेवायलाही जागा उरत नाही. तरीही कोकणातली, रात्रभर वाट पाहून दिसणारी एकटी कासवीण पाहण्याची माझी इच्छा अजून अपुरीच आहे.

माडाची वाडी
सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी मोजणाऱ्या मित्राला फोन केला, बऱ्याच वर्षांनी. माझ्या आठवणीप्रमाणे त्या सकाळी अडतीस पिल्ले होती, तो एकोणचाळीस म्हणाला. लाटेने मागे टाकलेले पिल्लू तू दोनदा मोजले असशील, असे मी म्हणालो. “मोजलं ना, मुद्दाम मोजलं,” तो म्हणाला, “ते दोनदा गेलं.”