सल्ला हवा: वाचनालयाच्या मदतीसाठी कुठला रॉक मैफलीचा चित्रपट लावावा? (फोंडा)

मांडवीकाठ
वाड्यावरच्या वाचनालयाचं छप्पर गळतंय. निधीसाठी दरवेळी नाटकच होतं. पोरं म्हणतात, यंदा एखादा गाजलेला मैफलीचा चित्रपट लावू. वुडस्टॉक, द लास्ट वॉल्ट्झ आणि द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश अशी तीन नावं निघालीत. प्रेक्षक निम्मे कॉलेजचे, निम्मे भजनी मंडळातले. काय करू?

खाजनवाला
वुडस्टॉक सोडा. तीन तास चालतो, वर तळ्यात उघडीवाघडी पोहणारी पोरं. भजनी मंडळ मध्यंतरालाच चपला शोधायला लागेल.

तबलापेटी
बांगलादेशच लावा. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एका दिवसात दोन खेळ. बांगलादेशच्या निर्वासितांचे हाल बघून रविशंकरांनी 'बीटल्स'वाल्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली, त्यातून हे उभं राहिलं. मदतीसाठीचीच मैफल, म्हणजे तुमच्या कामाशीही जुळतं.
आणि सुरुवातीलाच आपली मंडळी: सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं लावून होतात न होतात तोच टाळ्यांचा कडकडाट! त्यावर रविशंकर म्हणतात, नुसतं जुळवणं एवढं आवडलं, तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. भजनी मंडळ तिथंच तुमच्या खिशात. पुढे क्लॅप्टन, रिंगो, डिलन हे रॉकवाले येतात तोवर कुणी उठत नाही. शिवाय अख्खा चित्रपट पावणेदोन तासांच्या आत आटोपतो.

सांजवेळ
आवाज आणि चित्रण बघाल तर लास्ट वॉल्ट्झ कितीतरी सरस. हॉलिवूडचा नावाजलेला दिग्दर्शक स्कॉर्सेसीचा आहे, विषयच नाही. पण 'द बँड' या रॉक गटाचा निरोप समारंभ तो, छपराच्या निधीला कसा चिकटवणार? तबलापेटींशी सहमत.

हिशेबनीस
चित्रपट कुठलाही निवडा, आधी कागदं. डीव्हीडी घरी बघायला असते. सार्वजनिक खेळाला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, प्रवेश फुकट ठेवला तरी. ज्याच्याकडून प्रत घ्याल त्याला सेन्सॉर प्रमाणपत्राचंही विचारा.
पैशाचं म्हणाल तर या मैफलीचीच कथा ऐका. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला पोचले. पण रेकॉर्ड आणि चित्रपटाची मोठी रक्कम अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकली, कारण करमाफीची व्यवस्था आधी लावलेली नव्हती. बांगलादेश स्वतंत्र झाला तरी पैसे तिथंच. तेव्हा समितीचा ठराव, वाचनालयाच्या नावचं खातं, छापील पावतीपुस्तक, हे तिकीट छापण्याआधी. ८०जी (देणगीदाराला प्राप्तिकरात सूट मिळवून देणारी) नोंदणी नसेल तर करसवलतीचं आमिष कुणाला दाखवू नका.

मांडवीकाठ
हिशेबनीसबाब, देव बरें करूं. खातं आहे, ठराव उद्याच घेतो. सभागृह पणजीत बघू की इथंच?

खाजनवाला
इथंच, राजीव गांधी कला मंदिरात विचारा. वाड्यावरची म्हातारी माणसं रात्री पणजीहून परतणार कशी? फक्त आदल्या दिवशी तीच प्रत, तोच लॅपटॉप घेऊन जा आणि सतारीचा तुकडा मागच्या रांगेत बसून ऐका. नाटकाला आवाज उत्तम म्हणून चित्रपटाला असेलच असं नाही. देवळासमोर मांडवात करायचा विचार असेल तर रात्री दहाला कर्णे बंद, हे धरून वेळ ठरवा.

तबलापेटी
दानपेटी दाराशी नको, चहाच्या टेबलावर ठेवा. चहा पिताना सुट्टे पैसे हातातच असतात.